वेबिलात नसलेली गोळी

"सध्या कोणती औषधं चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं आणि मी पाठ केल्यासारखी सांगत गेले. बीपीची एक, सकाळी. शुगरची दोन वेळा, जेवणानंतर. रक्त पातळ करायची एक, दुपारी. कोलेस्टेरॉलची एक, झोपताना.

"आणखी काही?"

"नाही," मी म्हटलं. अगदी खात्रीनं म्हटलं.

अण्णा शेजारच्या खाटेवर पडून होते. पाय घोट्यापासून वरपर्यंत सुजलेले, अन्नावर वासना नाही, दोन दिवस लघवी जेमतेम. हातातल्या रिपोर्टवर क्रिएटिनिन ३.१ होतं. चार महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवर तेच १.१ होतं. या आकड्यांचा अर्थ तेव्हा मला कळत नव्हता. डॉक्टरांचा चेहरा मात्र कळत होता.

त्यांनी प्रश्न बदलून विचारला, "दुखण्यासाठी काही घेतात का? गुडघा, कंबर, डोकं?"

"हो, गुडघ्याची गोळी घेतात की. मेडिकलमधून आणलेली."

"किती दिवस?"

"नऊ."

त्यांनी लिहिणं थांबवलं आणि म्हणाले, "ताई, आधी विचारलं तेव्हा ही का नाही सांगितलीत?"

मी लपवलं नव्हतं. मला ती औषध वाटलीच नव्हती. त्या दिवसापासून मी जे शिकले ते इथं लिहिते आहे. मी ना डॉक्टर, ना नर्स. चिपळूणच्या एका शाळेत मराठी शिकवते. पण माझ्यासारखी माणसं घरोघरी औषधांचा डबा सांभाळत असतात, हे मला आता ठाऊक आहे.

आमच्या घरात हा डबा आईकडे होता. फेब्रुवारीत आई गेली आणि डबा माझ्याकडे आला. अण्णा एसटीचे निवृत्त वाहक, वय ७१. चिपळूण–गुहागर मार्गावर उभ्यानं तिकिटं फाडण्यात उमेद गेली, आणि गुडघेही त्यातच गेले. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसला. आई काहीही लिहून ठेवत नसे, सगळं तिच्या हाताला पाठ होतं. मी पहिले दोन महिने पट्ट्यांच्या रंगावरून गोळ्या ओळखत होते. निळी पट्टी बीपीची, चंदेरी शुगरची. एकदा मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली, रंग वेगळा निघाला, आणि त्या संध्याकाळी मी डबा समोर घेऊन रडले होते.

डब्याखेरीज औषधांची आणखी एक जागा घरात होती. स्वयंपाकघरातल्या फडताळात, ओवा आणि हिंगाच्या बाटल्यांशेजारी, एका जुन्या चहाच्या डब्यात डोकेदुखी, अंगदुखी, सर्दी-तापाच्या गोळ्या असत. त्यांना कुणी औषध म्हणत नसे. त्या "घरातल्या गोळ्या" होत्या. कुणाचंही डोकं दुखलं की आपला आपण हात घालायचा.

आषाढात पावसानं जोर धरला आणि अण्णांचा गुडघा ठणकायला लागला. मी मेडिकलमध्ये गेले, "गुडघेदुखीची गोळी द्या" म्हटलं. वडिलांना काय काय चालू आहे हे मी सांगितलं नाही आणि मला कुणी विचारलंही नाही. दिवसातून दोनदा एक गोळी. दुसऱ्याच दिवशी अण्णा जिना उतरून अंगणात आले. मला इतकं बरं वाटलं, की पट्टी संपल्यावर मी दुसरी आणली. सातव्या दिवशी सर्दी-ताप आला. मग फडताळातली तापाची गोळी तीन वेळा आणि वहिनीनं दिलेली सर्दीची गोळी तीन वेळा. तापानं तोंडाची चव गेलेली, त्यामुळे जेवण नाही, पाणीही फारसं नाही. नवव्या दिवशी पाय सुजले.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक चित्र काढून दाखवलं. ते चित्र मी अजून जपून ठेवलं आहे. मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक नळी असते आणि रक्त नेणारी एक. गाळणी चालायची तर आत पुरेसा दाब हवा. आणणारी नळी उघडी ठेवायचं काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात, विशेषतः अंगातलं पाणी कमी झालेलं असतं तेव्हा. गुडघ्याच्या गोळीतलं असेक्लोफिनॅक हीच द्रव्यं बनू देत नाही. त्यामुळे सूज आणि दुखणं कमी होतं, पण आणणारी नळीही आकसते. अण्णांच्या बीपीच्या गोळीत दोन औषधं होती, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. पहिलं नेणारी नळी सैल करतं, म्हणजे गाळणीतला दाब आणखी उतरतो. दुसरं लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतं, म्हणजे मुळात रक्ताचं आकारमानच घटतं. वरून ताप आणि पाणी न पिणं. तिन्ही बाजूंनी दाब गेला आणि गाळणी थंडावली, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन चढलं.

"यातली एकही गोळी वाईट नाही," डॉक्टर म्हणाले. "बीपीच्या गोळीनं काकांचं हृदय जपलंय. वाईट आहे ते तिघांचं एकत्र येणं." डॉक्टरमंडळी या त्रिकुटाला 'ट्रिपल व्हॅमी' म्हणतात आणि ते त्यांच्या ओळखीचं आहे. एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलसारखी '-प्रिल'ची औषधं, नाहीतर लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी '-सार्टन'ची औषधं, त्यांच्या जोडीला लघवीची गोळी, आणि त्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांपैकी कुठलीही वेदनाशामक गोळी. म्हातारपण, मधुमेह, जुलाब-उलट्या यांपैकी काही असेल तर धोका वाढतो. शिवाय ही वेदनाशामकं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बीपी चढतं आणि हृदय कमजोर असेल तर त्यावर भार येतो.

अण्णांची वेदनाशामक गोळी त्याच क्षणी बंद झाली. बीपीची गोळी आणि शुगरचं मेटफॉर्मिन डॉक्टरांनी काही दिवसांसाठी थांबवलं. मूत्रपिंड मंदावलेलं असताना मेटफॉर्मिन शरीरात साठू शकतं. सलाइन लावलं, रोज लघवी मोजली. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन २.२ झालं, दोन आठवड्यांनी १.३. वेळेत आणलंत, असं ते म्हणाले. मला मात्र ते नऊ दिवस दिसत होते. रोज दोन वेळा ती गोळी मी माझ्या हातानं, पाण्याच्या भांड्यासकट, अण्णांना दिली होती.

घरी आल्यावर मी डबा आणि फडताळ दोन्ही रिकामी केली आणि सगळ्या पट्ट्या जमिनीवर मांडल्या. पट्टीवर कंपनीनं दिलेलं नाव असतं आणि आत असलेल्या औषधाचं मूळ नावही असतं. हे मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा ठळक छापावं, असा नियम २०१८ साली झाला. मी मात्र ते कधी वाचलंच नव्हतं, कायम कंपनीचं नाव आणि रंग बघत होते. त्या रात्री एका वहीत मूळ नावं आणि त्यांपुढे मिलिग्रॅम उतरवून काढले, आणि तेव्हा दुसरी गोष्ट उघडी पडली.

गुडघ्याच्या गोळीत एकटं असेक्लोफिनॅक नव्हतं, १०० मिलिग्रॅम असेक्लोफिनॅकसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं. तापाची गोळी म्हणजे ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. आणि सर्दीच्या गोळीतही, नाक मोकळं करायच्या औषधाबरोबर, ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. मी बेरीज केली. दोनदा ३२५ म्हणजे ६५०. तीनदा ६५० म्हणजे १९५०. तीनदा ५०० म्हणजे १५००. एकूण ४१०० मिलिग्रॅम, एका दिवसात. धडधाकट प्रौढ माणसासाठीही दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम आहे. वजन कमी असेल, वय झालेलं असेल, यकृताचा आजार असेल, दारूची सवय असेल किंवा पोटात अन्न नसेल, तर ती मर्यादा आणखी खाली येते. अण्णांचं वजन ५४ किलो, आणि ते जेवत नव्हते. मी तीन वेगवेगळ्या दुखण्यांवर तीन वेगवेगळी औषधं देत होते, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात एकच औषध मी तीन नावांनी देत होते.

पॅरासिटामॉल नीट मापात घेतलं तर फार सुरक्षित आहे. पोटाला आणि मूत्रपिंडाला ते डायक्लोफिनॅकच्या घराण्यासारखं जाचत नाही. म्हणूनच अण्णांसाठी आता पहिली पसंती त्यालाच आहे. पण माप ओलांडलं तर ते यकृत जाळतं, आणि पहिला एखादा दिवस माणसाला फारसं काही जाणवतही नाही. अण्णांच्या यकृताची तपासणी चांगली आली. त्या रिपोर्टची वाट पाहतानाचे दोन तास मी विसरणार नाही. तपासणी चांगली आली म्हणून ती बेरीज बरोबर ठरत नाही.

शुक्रवारी फेरतपासणीला गेलो तेव्हा मी वही बरोबर नेली आणि माझे सगळे प्रश्न विचारले. पहिला होता रक्त पातळ करायच्या, हृदयाच्या गोळीचा. अण्णा रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतात. मागच्या वर्षी दाढ दुखत होती तेव्हा आईनं त्यांना आयबुप्रोफेन दिल्याचं मला आठवत होतं. ते चाललं असतं का?

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. रक्तातल्या चपट्या पेशींमध्ये, म्हणजे प्लेटलेटमध्ये, एक विकर असतं. अ‍ॅस्पिरिन त्या विकरावर जाऊन कायमचं बसतं आणि ती प्लेटलेट तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यभर गुठळी करण्यात आळशी राहते. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून हेच हवं असतं. आयबुप्रोफेनची बसायची जागाही तीच, पण ते काही तासच बसतं. ते आधी जाऊन बसलं तर अ‍ॅस्पिरिनला जागा मिळत नाही. आणि अ‍ॅस्पिरिन रक्तात फार वेळ ताटकळत राहत नाही, अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक निघून जातं. म्हणजे गोळी पोटात गेली, पण हृदयाचं रक्षण झालं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००६ मध्येच याबद्दल सावध केलं होतं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यातला प्रकार. रुमालवाला पुढच्या थांब्यावर उतरणार, पण ज्याला शेवटपर्यंत जायचंय तो तोवर खालीच राहिला आणि गाडी सुटली."

डॉक्टर म्हणाले, "काका, बरोबर समजलात." आणि मलाही ते तेव्हाच खरं समजलं.

त्याच दिवशी आणखी काही कळलं. अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी वेदनाशामक गोळी एकत्र घेतली की जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असलं तरी तेच. नैराश्यावरची एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं घेणाऱ्यांनाही हा धोका जास्त असतो. हे मी माझ्या भाचीला कळवलं. ती गेलं वर्षभर यांतली एक गोळी घेते, आणि पाळीच्या दुखण्यावर वेदनाशामक. दोन गोष्टी दोन डॉक्टरांना ठाऊक होत्या, एकालाही दोन्ही ठाऊक नव्हत्या. नैराश्यावरच्या याच औषधांबरोबर ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक घेणं आणखी वेगळ्या कारणानं धोक्याचं आहे. मेंदूतलं सेरोटोनिन बेसुमार वाढून थरथर, घाम, ताप, झटके येऊ शकतात. आणि ट्रॅमाडॉल अनेकदा पॅरासिटामॉलच्या जोडीनं एकाच गोळीत येतं.

शेजारच्या काकूंच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. त्या रक्त पातळ करणारं असेनोकुमॅरॉल घेतात आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं त्याचं माप, तपासतात. त्यांनी मला सांगितलं, की कुठलीही दुखण्याची गोळी त्या विचारल्याशिवाय तोंडात टाकत नाहीत. या औषधाबरोबर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. एवढंच काय, पॅरासिटामॉलसुद्धा सलग काही दिवस घेतलं तर आयएनआर वर जाऊ शकतो, म्हणून तेव्हा त्या तपासणी लवकर करून घेतात. सातवी शिकलेल्या काकूंना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं. त्यांना एकदा कुणीतरी बसवून नीट समजावलं होतं, एवढाच फरक. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट किंवा मानसिक आजारावरचं लिथियम घेणाऱ्यांनीही हेच पाळायचं असतं. वेदनाशामकामुळे ही दोन्ही औषधं शरीराबाहेर पडायची मंदावतात आणि रक्तात त्यांचं प्रमाण विषारी होऊ शकतं.

पावसाळ्यातल्या तापाबद्दल डॉक्टरांनी वेगळं बजावलं. डेंगी नाही असं ठरेपर्यंत तापावर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड घ्यायचं नाही. पॅरासिटामॉल तेवढं, तेही मोजून. डेंगीत प्लेटलेट आधीच उतरलेल्या असतात. आमच्याकडे आषाढ-श्रावणात घराघरांत ताप असतो आणि घराघरांत फडताळही असतं, म्हणून हे मी इथं मुद्दाम लिहिते.

मग अण्णांच्या गुडघ्याचं काय? दुखणं खरं आहे, ते सोसत बसा असं कुणी म्हटलं नाही. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा ते लिहून दिलं. गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफिनॅकचं मलम ठरावीक दिवसांपुरतं दिलं, कारण त्वचेतून फार थोडं औषध रक्तात उतरतं. तरी तेही यादीत लिहायचंच आहे. आणि मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम. अण्णा तो रोज सकाळी रेडिओ लावून करतात. पूर्वीइतका झटपट आराम नाही, पण महिन्याभरात जिना परत सुरू झाला.

पट्टीवरची डावीकडची लाल रेघ मी आता ओळखते. ती असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. गुडघ्याच्या त्या गोळीच्या पट्टीवरही ती होती. कुणावर बोट ठेवायला मी हे लिहीत नाही. विचारायचं काम माझंही होतं. हल्ली मी औषधं घेते त्या दुकानात एक तरुण फार्मासिस्ट मुलगी बसते. तिनं मला तीन प्रश्न शिकवले. नवी कुठलीही गोळी घेताना विचारायचं: हिच्यात काय काय आहे? आमच्या यादीतल्या औषधांबरोबर चालेल का? आणि किती दिवसांनी थांबवायची? "ताई, हे विचारायला लाजू नका. आम्ही हेच शिकलोय," असं ती म्हणाली. औषधानं त्रास झाला तर कळवण्यासाठी सरकारची औषध दक्षता योजना २०१० पासून आहे आणि तिचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, हेही मला तिच्याकडूनच कळलं.

यादी अण्णांनी स्वतः लिहिली. पहिल्या पानावर त्यांनी वर 'वेबिल' असं लिहिलं आणि खाली रेघा मारून रकाने पाडले: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, कशासाठी, कोणत्या वेळी, कुणी दिलं. मी विचारलं, वेबिल का? ते म्हणाले, "बाय, वाहकाच्या गाडीत प्रत्येक तिकीट वेबिलात चढतं. दोन रुपयांचं असो नाहीतर दोनशेचं. तपासनीस चढला तर तो मोठी तिकिटं बघत नाही, माणसं मोजतो आणि वेबिलाशी ताळा घेतो. आपण मोठ्या आजाराच्या गोळ्या तेवढ्या मोजल्या. ती गुडघ्याची बसली होती मागच्या सीटवर, नोंद नसलेली."

फडताळातला चहाचा डबा आता तिथं नाही. त्यातल्या मुदत उलटलेल्या पट्ट्या काढून टाकल्या आणि उरलेल्या मुख्य डब्यात आल्या. मलम, सर्दीची गोळी, गावच्या वैद्यांनी दिलेली सांधेदुखीची पुडीसुद्धा यादीत चढली. पुडीत काय आहे ते त्यांना विचारून लिहायचं होतं. त्यांनी सांगितलं नाही, म्हणून ती बंद केली.

तुमच्या घरी बीपी, मधुमेह, हृदय, मूत्रपिंड, यकृत, नैराश्य किंवा संधिवाताचं औषध घेणारं कुणी असेल, तर एवढं कराच. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तोंडी यादी सांगू नका. घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, मलमं, पुड्या एका पिशवीत भरा आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. डोकेदुखीची गोळीसुद्धा. चालू असलेलं कुठलंही औषध, विशेषतः हृदयाचं अ‍ॅस्पिरिन, हा लेख वाचून स्वतःच्या मनानं बंद करू नका. आधी विचारा. आणि दुखण्याची गोळी चालू असताना लघवी कमी झाली, पाय सुजले, शौचाला डांबरासारखं काळं झालं, कॉफीच्या भुकटीसारखी उलटी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच वेळी निघा. आम्ही नवव्या दिवशी निघालो. पहिल्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर मी एक प्रश्न विचारला असता, तर निघावंच लागलं नसतं.